जिंकलात तर सरकारचा वाटा, हरलात तर तुमचं तुम्ही



भांडवल कसं उभं करायचं, या व्हिडिओनंतर एका मुलाचा फोन आला. मोबाईल रिपेअरिंग शिकलेला, स्वतःचं दुकान टाकायच्या तयारीत. म्हणाला, "सर, मी आधी रमीच्या ॲपवर खेळायचो. जिंकायचो पण. ते पैसे बिझनेसमध्ये दाखवले होते. आता नोटीस आलीय."

झालं असं की २०२३-२४ या वर्षात ॲपवर त्याने निव्वळ २,४०,००० रुपये जिंकले. पैसे काढताना ॲपने ३० टक्के टीडीएस कापला, म्हणजे ७२,००० रुपये. मग याला भेटला एक 'रिफंड काढून देतो' वाला एजंट. असे एजंट प्रत्येक तालुक्याला सापडतात. त्याने आयटीआर-४ भरला, कलम ४४एडी लावलं, जिंकलेली रक्कम टर्नओव्हर म्हणून टाकली आणि ६ टक्के नफा दाखवला, १४,४०० रुपये. कर शून्य! ७२,००० चा रिफंड खात्यात. एजंटने आपलं कमिशन घेतलं, उरलेले पैसे मुलाने गाळ्याच्या डिपॉझिटला दिले.

मी त्याला रागावलो. पण त्याचा पुढचा प्रश्न ऐका. "सर, मी रोज आठ-आठ तास खेळत होतो, दुसरं काही करतच नव्हतो. मग तो माझा धंदाच झाला ना?"

प्रश्न अजिबात वेडगळ नाही. अमेरिकेत हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. रॉबर्ट ग्रोएट्झिंगर नावाच्या माणसाची १९७८ मध्ये नोकरी गेली आणि तो कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावायला लागला. आठवड्याला ६० ते ८० तास, अगदी ड्युटी असल्यासारखा. वर्षभरात जिंकला ७०,००० डॉलर आणि लावले ७२,०३२ डॉलर, म्हणजे तोटाच. १९८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की पोटासाठी, नियमित आणि पूर्णवेळ जुगार खेळणाऱ्याचा तो व्यवसाय धरता येतो. तिकडचे पोकर खेळणारे स्वतःला 'प्रोफेशनल' म्हणवतात ते याच जोरावर. अर्थात २०२५ मध्ये तिकडे झालेल्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्केच वजावट ठेवली, त्यामुळे त्यांचीही ओरड चालू आहे.

तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडचा रिटर्न भरायचा नसतो, मित्रांनो. आपल्या कायद्याने हा दरवाजा आधीच बंद केलाय. लॉटरी, घोड्यांची रेस, पत्ते, सट्टा यातून जिंकलेला पैसा 'इतर उत्पन्न' या शीर्षाखालीच जातो. तुम्ही तो छंद म्हणून जिंका नाहीतर आठ तास बसून जिंका, फरक पडत नाही. १९६१ च्या कायद्यात यासाठी कलम ११५बीबी आणि ऑनलाइन खेळांसाठी ११५बीबीजे होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायद्यात कलमांचे नंबर बदलले, गाभा तोच. सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. स्लॅब नाही, करमुक्त मर्यादा नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. खर्चाची वजावट नाही.

समजा तुम्ही महालक्ष्मीला रेसवर पैसे लावता. वर्षभरात जिंकलेल्या डावांतून ६ लाख मिळाले, हरलेल्या डावांत ५ लाख गेले. हातात १ लाख. कर मात्र ६ लाखांवर, १,८७,२०० रुपये. म्हणजे वर्षभर 'कमाई' करून खिशातून ८७,२०० घालायचे! आता शेजारच्या वडापावच्या गाडीचा हिशेब बघा. विक्री ६ लाख, बेसन-तेल-पाव-भाडं ५ लाख, नफा १ लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. आकडे तेच, पण गाडीवाल्याचा खर्च कायदा मानतो आणि तुमची हार मानत नाही.

हे योग्य आहे का? माझं मत विचाराल तर, नाही. नफा नसलेल्या माणसाकडून कर घेणं मला पटत नाही. ऑनलाइन खेळांत तर सरकारने २०२३ पासून निव्वळ रकमेवर कर धरला, भरलेले पैसे वजा करून. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. म्हणजे जे बंद केलं तिथे निव्वळचा न्याय, आणि रेस, गोव्याचा कॅसिनो, राज्य सरकार स्वतः विकतं ती लॉटरी, जे कायदेशीर चालू आहे तिथे नाही. यात काय तर्क आहे तो मला तरी सापडला नाही.

पण कायदा आवडत नाही म्हणून रिटर्नमध्ये जुगाराला दुकानाचा बोर्ड लावायचा नाही. तुमचं मत तुमच्या एआयएसमध्ये दिसत नाही, टीडीएसचं कलम दिसतं. विभागाला तुमचा पैसा कुठून आला हे तुमच्या आधी माहीत असतं. रेस किंवा लॉटरीचं बक्षीस असेल तर आयटीआर-४ चालतच नाही, धंदा असेल तर आयटीआर-३ भरावा लागतो. मुद्दाम चुकीची माहिती दिली असं ठरलं तर दंड त्या कराच्या २०० टक्के असू शकतो. तेव्हा असा पैसा भांडवलात घालणार असाल तर आधी कराचे ३१.२ टक्के बाजूला काढा, टीडीएस कापला असेल तर राहिलेला फरक काढा, आणि उरेल तेवढंच भांडवल धरा.

त्या मुलाला मी सीएकडे पाठवलं. ७२,००० चा रिफंड परत, सेसचे २,८८० आणि वर व्याज. दंडाचं अजून ठरायचंय. गाळामालकाने डिपॉझिट परत द्यायला नकार दिला, म्हणून मामाकडून उसने घेतले. परवा पुन्हा फोन आला होता. दुकान चालू केलंय म्हणाला, दिवसाला चार-पाच मोबाईल येतात. मग हळूच विचारलं, "सर, ते व्याज दुकानाच्या खर्चात टाकता येईल का?"

नाही रे बाबा.