शिरोडकरला काय वाटत होतं?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवस आणि कुणाच्या तरी नव्या गाडीचे फोटो एवढंच चालतं. गेल्या महिन्यात एका रात्री वर्गातल्या एका मुलाने लिहिलं, ‘आता सांगायला हरकत नाही, नववीत ही माझी शिरोडकर होती.’ ही म्हणजे मी. खाली बदामांची रांग लागली. ‘भावा, किती चकरा मारल्यात आपण तिच्या क्लासबाहेर!’ ‘काय दिवस होते राव!’

‘शाळा’ हा सुजय डहाकेचा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत थिएटरात आला, तेव्हा आम्ही नववीतच होतो. मिलिंद बोकिलांची कादंबरी वर्गात फार कुणी वाचली नव्हती, पण सिनेमा पेनड्राइव्हवरून सगळ्या वर्गात फिरला. त्यातला मुकुंद जोशीसुद्धा नववीतला. त्याला आवडणारी शिरोडकर. मग काय, आमच्या वर्गातला प्रत्येक मुलगा जोशी झाला आणि प्रत्येकाने आपापली शिरोडकर शोधली.

आता त्या चकरांची माझी बाजू. क्लास सुटायच्या वेळेला कोपऱ्यावर तीन-चार सायकली उभ्या असायच्या. मी निघाले की त्या मागून यायच्या, पुलापर्यंत. कुणी काही वाईट बोलायचं नाही, फक्त माझं आडनाव मोठ्याने घ्यायचे आणि हसायचे. मी बाजारपेठेतून लांबच्या रस्त्याने जायला लागले. तेव्हा सायकली तिकडे आल्या. मग शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं, ‘पोरं असतात हो मागे तुमच्या पोरीच्या.’ आठवड्याभरात बाबांनी माझा क्लास बंद केला. त्या वर्षीची भूमिती मी गाइड समोर ठेवून एकटीने केली. सायकलवाल्यांचा क्लास चालूच राहिला.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. एखाद्याने तक्रार केली की सॉफ्टवेअर बंद पडतंय, तर ते लिहिणारा म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ मराठी मुलांचा शाळेचा नॉस्टॅल्जिया असाच आहे. त्यांच्या मशीनवर तो छान चालतो.

आणि तो चालावा याची सोय आपल्या सिनेमाने केली आहे. ‘शाळा’त बघतो जोशी. ‘फँड्री’त बघतो जब्या. ‘टाइमपास’मध्ये बघतो दगडू. ‘किल्ला’तला चिन्मय कुणाच्या मागे नाही, पण वयात येणारा तिथेही मुलगाच. हे सिनेमे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जब्याच्या बघण्यावर जातीचं जे ओझं आहे, ते माझ्या नववीपेक्षा कितीतरी जड आहे, आणि त्याने शेवटी भिरकावलेला दगड मला आजही लागतो. माझी तक्रार एकेका सिनेमाबद्दल नाही, बेरजेबद्दल आहे. छोट्या गावात मुलगा वयात येतो तेव्हा त्याची गोष्ट होते. मुलगी वयात येते तेव्हा ती त्याच्या गोष्टीतलं एक पात्र होते. तिने वेणी सावरायची आणि एकदा मागे वळून बघायचं. जोशीच्या मनातलं सगळं आपल्याला माहीत आहे, कारण कादंबरी तोच सांगतो. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं?

हे सगळं डोक्यात असतानाच मी शुची तलाटी यांचा ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’ पुन्हा पाहिला. २०२४ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षक पुरस्कार मिळाला, प्रीती पाणिग्रहीला अभिनयासाठी ज्यूरीचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो प्राइम व्हिडिओवर आला. नव्वदच्या दशकातलं हिमालयाच्या पायथ्याचं एक निवासी विद्यालय. मीरा ही तिथली पहिली मुलगी हेड प्रीफेक्ट. हुशार, शिस्तीची, इतरांच्या गणवेशावर नजर ठेवणारी. श्री नावाचा नवा मुलगा येतो आणि तिला आवडतो. इथवर गोष्ट ओळखीची आहे. फरक एवढाच की इथे बघते मीरा. श्री तिला कसा दिसतो, त्याच्या जवळ बसल्यावर तिच्या अंगात काय होतं, हे कॅमेरा तिच्या बाजूने दाखवतो. अभ्यासू मुलगी ओढीचाही अभ्यास करते, धड्यासारखा, मन लावून. त्यात आई मध्ये येते. कनी कुसृतीने केलेली ही आई राखण करता करता स्वतःच त्या मुलाच्या लक्षाची भुकेली होते. मुलगी वयात येताना आईचं राहून गेलेलं वयात येणंही वर येतं, हे मी आपल्या कुठल्याच शाळा-सिनेमात पाहिलेलं नाही.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मुलं मुलींच्या स्कर्टखालचे फोटो काढतात. मीरा तक्रार करते, तर बाईंचा उपदेश मुलींनाच. पुढे शिक्षकदिनी तीच मुलं मीराच्या मागे लागतात आणि शाळेचा सगळा अधिकार हातात असलेली ही मुलगी दार लावून घेऊन आईला फोन करते. त्या दाराच्या आतून बाहेरचे आवाज ऐकताना मला माझा पूल आठवला. बाहेरच्यांपैकी कुणीतरी पंधरा वर्षांनी ‘काय दिवस होते राव’ लिहिणार आहे, हेही दिसलं.

‘आणि आर्ची? ‘सैराट’ विसरलीस?’ हा प्रश्न येणारच. विसरले नाही. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी, परशाकडे डोळा भिडवून बघणारी आर्ची पाहून मी थिएटरात शिट्टी मारली होती. पण सुरुवातीला झुरतो परशाच, आणि मुलीने उलट बघितल्याची किंमत शेवटी दोघांच्या रक्ताने चुकती होते. ते खरं आहे, समाज तसाच आहे. तरी मला विचारायचंय, की मुलगी बघते तेव्हा पडद्यावर एकतर बदाम नाहीतर कोयता, यापलीकडे काहीच का नसावं? मधलं साधं, घाबरट, हास्यास्पद, रोजचं बघणं कुठे गेलं?

कारण मीही बघत होते. तो सायकलवाल्यांपैकी नव्हता. त्याच्या वहीच्या कव्हरचा रंग मला आजही सांगता येईल. मी त्याच्याबद्दल वहीच्या मागच्या पानावर लिहायचे आणि क्लास बंद झाला त्या दिवशी ते पान फाडून चुलीत टाकलं. सायकली माझ्या मागे होत्या, तरी घरात चोर मी ठरले होते. पकडलं जावं असं माझ्याकडे ते एकच पान होतं. मुलाच्या ओढीला आपण वय म्हणतो, मुलीच्या ओढीला लक्षण म्हणतो. शिरोडकर अबोल नसते हो, तिला पान जाळायला लावलेलं असतं.

मराठीत कुणी कॅमेरा फिरवलाच नाही असं नाही. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ सुरूच होतो उलट्या कांदेपोह्यांनी. बायका बसलेल्या, समोर पाटावर मुलगा, आणि त्याला प्रश्न. प्रेक्षक हसतात. मग कळतं की ते सविताचं स्वप्न होतं. पण सविता कॉलेजात आहे, तिला बघायला लोक यायला लागलेत. मला तिच्या सात-आठ वर्षं आधीची मुलगी हवी आहे. तालुक्याच्या गावातली, क्लासला सायकलवरून जाणारी, कुणाकडे तरी बघणारी. तिच्यावर कुणी प्रेम केलं नाही तरी जिची गोष्ट पूर्ण होईल अशी.

त्या रात्री ग्रुपवर मी बराच वेळ टाइप करत होते. मग सगळं पुसलं आणि एकच ओळ पाठवली : ‘मी बाजारपेठेतून का जायला लागले होते, माहितीये?’

निळ्या टिका लगेच आल्या. बऱ्याच वेळाने त्याने वेगळा मेसेज केला, ‘आम्हाला वाटायचं, तुला तिकडून जायला आवडतं.’