परिचारिकेची पदवी : कर्ज आणि कमाई

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलीला नर्सिंगला घालावे काय? वैद्यकीय शिक्षण आवाक्याबाहेरचे, शिक्षकाच्या नोकरीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे आले. तेव्हा 'नर्सिंग केले की नोकरी ठरलेली' हे वाक्य आईबापांना धीर देऊन जाते. त्या धीराच्या भरवशावर बँकेच्या कर्जअर्जावर सही होते. नोकरी मिळते, हे बहुतांशी खरेही आहे. परंतु कर्ज नुसत्या नोकरीने फिटत नसते. ते पगाराने फिटते. आणि नेमका हाच हिशेब मांडावयाचा राहून जातो.

तो येथे मांडून पाहू. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून उदाहरणादाखल तोच आकडा घेऊ. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी प्रत्येक वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये उचलले आणि व्याज १० टक्के धरले. शिक्षणाच्या काळात व त्यानंतर एक वर्ष हप्त्याचा तगादा नसतो, पण व्याज काही थांबत नाही. सरळव्याजाने ते १ लाख ४० हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच कर्ज ५ लाख ४० हजारांवर गेलेले असते. दहा वर्षांची मुदत घेतल्यास दरमहा सुमारे ७,१३६ रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण परतफेड साडेआठ लाखांच्या वर जाते.

आता दुसरी बाजू पाहू. राज्य शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता निराळा. वरील हप्ता या मूळ वेतनाचा पाचवा हिस्सा होतो. तो जड आहे, पण पेलण्याजोगा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकेचे मानधन २० हजारांच्या आसपास असते. तेथे हप्ता एक तृतीयांशाहून अधिक उत्पन्न खातो. आणि एखाद्या लहान खाजगी दवाखान्यात महिना १२ हजारांवर काम पत्करलेली मुलगी असेल, तर तिच्या कमाईचा साठ टक्के भाग बँकेकडे जाईल. उरलेल्या पावणेपाच हजारांत तिने खोलीचे भाडे द्यावयाचे, जेवावयाचे आणि जमले तर घरीही काही पाठवावयाचे! पदवी एकच, कामही जवळजवळ तेच, रात्रपाळीही तीच. फरक एवढाच की मालक कोण. तेव्हा हे कर्ज परवडते की नाही, हा प्रश्न शिक्षणशुल्काचा कमी आणि वेतनाच्या विषमतेचा अधिक आहे.

प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर सवलत आहे, असे यावर सांगितले जाते. ती जुन्या करपद्धतीत आहे, आणि मुळात कर भरणाऱ्यालाच तिचा उपयोग. ज्या मुलीचे उत्पन्न करपात्रच नाही, तिच्या पदरात या सवलतीतून काही पडत नाही. कर्जाचा भार जिला सर्वांत जड, तिलाच सवलत नाही, असा हा उलटा न्याय आहे.

खाजगी क्षेत्रातील वेतन इतके खाली का राहते? दरवर्षी नव्या पदवीधर व पदविकाधारक बाहेर पडतात. जिल्ह्याच्या गावी त्यांना नोकरी देणारे मात्र मोजके. घरापासून दूर जाण्याची मुभा अनेकींना नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोक्यावर कर्ज असलेली मुलगी पहिली मिळेल ती नोकरी नाकारू शकत नाही. ज्या कर्जाने तिला पदवी दिली, तेच तिची घासाघीस करण्याची शक्ती हिरावून घेते. सेवाभावाचे गोडवे गाऊन हे अल्प वेतन झाकण्याची आपल्या समाजाची खोड जुनीच आहे.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या वेतनाविषयी स्पष्ट शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय सेवेइतके वेतन; १०० हून अधिक खाटा असल्यास त्याहून फार तर १० टक्के कमी; ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपर्यंत कमी; आणि त्याखालच्या रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपविण्यात आली. पण शिफारशीला कायद्याचे बळ नसते. केरळने मात्र परिचारिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढून खाजगी रुग्णालयांत २० हजारांची पायरी बांधून दिली. किमान वेतन ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनालाही आहे.

लहान दवाखान्यांना हे परवडणार कसे, हा आक्षेप खोटा नाही. वेतन वाढले की रुग्णाचे बिल काही प्रमाणात वाढेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज तो खर्च नाहीसा झालेला नसून कर्जबाजारी मुलीच्या कुटुंबावर ढकललेला आहे. मोर्शीच्या संत्राबागायतदाराने किंवा मूर्तिजापूरच्या कापूस-उत्पादकाने आपल्या मुलीच्या हप्त्यातून शहरातील रुग्णालयाला अनुदान द्यावे, हा कोठला न्याय?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून संपूर्ण माफ झाले. मात्र ही माफी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नव्हे. शिवाय वसतिगृह, भोजन, गणवेश यांचा खर्च उरतोच. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये शासकीय परिचारिकांना वेतनातील त्रुटी व कंत्राटी भरतीविरुद्ध संप करावा लागला. अमरावतीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याच्या रुग्णालयासाठी लागणाऱ्या परिचारिका नियमित वेतनश्रेणीत नेमल्या जातात की कंत्राटावर, यावरही या भागातील कित्येक कर्जांची परतफेड अवलंबून राहील.

तोवर पालकांनी व विद्यार्थिनींनी तीन गोष्टी कराव्यात. केंद्रीय प्रक्रियेतील जागेसाठी आधी प्रयत्न करावा. कोट्यातील जागा कर्ज काढून घेऊ नये. तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका आणि चार वर्षांची पदवी यांची तुलना करावी. राज्यसेवेतील अधिपरिचारिकेच्या पदास दोन्ही चालतात, तर पुढील शिक्षण व अध्यापन यांसाठी पदवी उपयोगी पडते. आणि हप्ता सर्वांत मोठ्या नव्हे, सर्वांत लहान पगाराशी ताडून पाहावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण परिचारिकेचे अंथरूण इतके तोकडे कोणी ठेवले, हा प्रश्न विचारण्याचे कामही आता नागरिकांनी आपल्याकडे घ्यावयास हवे.