विश्लेषण : तरुणांसाठीचा शहरांचा निधी कायद्याने राखीव का हवा?

तिजोरीत खडखडाट झाला की स्थानिक प्रशासन पाणी, कचरा, रस्ते यांना सहसा हात लावत नाही. कात्री लागते ती तरुणांसाठीच्या केंद्रांना, खेळाच्या वर्गांना, सुट्टीतील उपक्रमांना. लंडनमध्ये हेच झाले आणि त्याची किंमत आता अभ्यासातून समोर आली आहे. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र हा निधी तीन दशकांपूर्वीच कायद्याने सुरक्षित केला. या दोन शहरांचे अनुभव काय सांगतात?

लंडनमध्ये काय घडले?

‘यूथ क्लब’ म्हणजे शाळा सुटल्यावर किशोरवयीन मुलांना मोफत किंवा नाममात्र शुल्कात खेळ, संगीत, अभ्यास आणि जाणत्या कार्यकर्त्यांची सोबत देणारी जागा. २०१० नंतर ब्रिटन सरकारने काटकसरीचे धोरण स्वीकारले, स्थानिक परिषदांचे अनुदान आटले. २०१० ते २०१९ या काळात लंडनमधील सुमारे ३० टक्के यूथ क्लब बंद पडले.

त्याचे परिणाम काय झाले?

‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चालत जाण्याच्या अंतरावरील सर्व क्लब बंद झालेल्या मुलांची तुलना क्लब सुरू राहिलेल्या मुलांशी करण्यात आली. क्लब गमावलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतील गुण घसरले. गरीब घरांतील मुलांत ही घसरण अधिक होती. १० ते १७ वयोगटातील मुले गुन्ह्यात अडकण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. क्लब बंद करून वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे शिक्षणाचे नुकसान आणि गुन्ह्यांचा भार मिळून समाजाला सुमारे तीन पौंडांची झळ बसली, असा या अभ्यासाचा हिशेब आहे. म्हणजे बचत परिषदेच्या खात्यात दिसली आणि खर्च पोलीस, न्यायालये व कुटुंबांच्या माथी गेला.

कायदा असूनही कात्री कशी लागली?

इंग्लंडमध्ये १३ ते १९ वयोगटासाठी फावल्या वेळेतील पुरेशा उपक्रमांची सोय करणे हे स्थानिक परिषदांचे कायदेशीर कर्तव्य आहे. पण ते ‘व्यवहार्य असेल तितपत’ पार पाडायचे आहे. किती रक्कम, किती केंद्रे, याचा किमान आकडा नाही. पैसे कमी पडले की ‘व्यवहार्य नाही’ म्हणायला वाट मोकळी राहते.

सॅन फ्रान्सिस्कोने काय केले?

१९९१ मध्ये तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन जे’ मंजूर करून शहराच्या सनदेतच मुलांसाठी निधी राखून ठेवला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. हा नवा कर नाही. जमा होणाऱ्या मालमत्ता करातील ठरावीक वाटा आहे. मतदारांनी २००० आणि २०१४ मध्ये निधीचे नूतनीकरण केले. २०१४ मध्ये मुदत २५ वर्षे करण्यात आली, करपात्र मूल्याच्या दर १०० डॉलरमागे चार सेंटपर्यंत वाटा टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे ठरले आणि १८ ते २४ वयोगटातील गरजू तरुणांचाही समावेश झाला. मुलांवर आधीपासून होणारा खर्च कमी करून त्या जागी हा निधी दाखवता येत नाही. पाच वर्षांतून एकदा गरजांची पाहणी करून वाटप ठरते आणि देखरेखीला नागरिकांची समिती असते. शिवाय १२ ते २३ वयोगटातील १७ सदस्यांचा युवा आयोग शहराच्या कारभाऱ्यांना सल्ला देतो.

राखीव निधीवर आक्षेप काय?

प्रत्येक गटासाठी असा वाटा बांधून ठेवला तर लोकप्रतिनिधींचे हात बांधले जातात, संकटात पैसा फिरवता येत नाही, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मुदत आणि ठरावीक काळाने मतदारांची फेरमान्यता महत्त्वाची ठरते. उपयोग दिसला नाही, तर निधी बंद करण्याचा अधिकार लोकांकडे राहतो. तरुणांच्या बाबतीत असे संरक्षण अधिक समर्थनीय आहे, कारण ज्यांच्यासाठी हा पैसा आहे, त्यांतील बहुतेकांना मतदानाचा हक्कच नसतो.

महाराष्ट्रासाठी धडा कोणता?

राखीव निधीची कल्पना येथील महापालिकांना नवी नाही. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के तरतुदीचे बंधन आहेच. पण पैसा अखर्चित राहतो किंवा वर्षअखेरीस घाईघाईने उडवला जातो, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. त्यामुळे नुसती टक्केवारी जाहीर करून भागणार नाही. अभ्यासिका, मैदाने, कौशल्य वर्ग यांवरील खर्चाला किमान मर्यादा, आधीच्या खर्चात कपात न करण्याची अट, गरजांची जाहीर पाहणी आणि देखरेखीत तरुणांना प्रत्यक्ष जागा, या चारही गोष्टी एकत्र हव्यात. पाण्याची वाहिनी फुटली की शहराला लगेच कळते. केंद्राला कुलूप लागल्याचा परिणाम दिसायला काही वर्षे जातात आणि तोवर ती पिढी हातातून निसटलेली असते.