आधी ओळख, मग रंगरंगोटी

प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली, हे योग्यच झाले. मात्र चासी, बाह्यांग वा इंजिन यांत फेरबदल झालेले वाहन या व्याख्येत बसत नाही. नेमका येथेच हौशी मालकांचा घात होतो. वर्षानुवर्षे गोठ्यात पडलेली मोटार हाती येताच ती प्रथम गॅरेजात जाते. गंज खरवडताना चासीवरील क्रमांक पुसट होतो, इंजिन बदलले जाते आणि झळझळीत झालेल्या वाहनाची ओळखच संशयास्पद ठरते. चोरीच्या गाड्यांचे क्रमांक खोडले जात असल्याने अधिकाऱ्याने शंका घेणे गैर नव्हे. तेव्हा मालकाने आधी क्रमांकांचे पेन्सिलीने ठसे घ्यावेत, छायाचित्रे काढावीत, जुने नोंदणीपुस्तक शोधावे आणि मगच कारागिरास हाक मारावी. परंतु सारा भार मालकावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. १० वर्षांच्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क घेणाऱ्या शासनाने दुरुस्तीपूर्व तपासणी करून तिचा दाखला देण्याची सोयही केली पाहिजे. गतकाळाचा हा यांत्रिक वारसा केवळ कागदाअभावी भंगारात जाऊ नये.