छडी आणि चौकशी



ऊस नोंदीला शिवारात फिरताना पुष्कळजण म्हणतात, "साहेब, छडी गेली आणि शाळेची शिस्तही गेली." मी दहावीपर्यंत परळला शिकलो, गिरणी कामगाराचा मुलगा. छडी भरपूर खाल्ली आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांना पुन्हा काम मिळालंच नाही. माझ्या बाकावरच्या मित्राचे वडील त्यांपैकीच. नववीत असताना तो पहाटे लालबागच्या चाळींतून दुधाच्या पिशव्या टाकायचा. धावत शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. मग दोन्ही हातांवर छड्या. उशीर का होतो, हे कुणी विचारलं नाही. आम्हा पोरांना ठाऊक होतं, पण सांगायची छाती झाली नाही. माझीही नाही. त्यानं वर्ष अर्धवट सोडलं.

दहावीला नवे वर्गशिक्षक आले. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की संध्याकाळी चाळीचा जिना चढून घरी येत. छडी कधी उचलली नाही, तरी त्यांच्या तासाला उशीर करायची कुणाची टाप नव्हती.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या माराला मनाई केली, ते योग्यच झालं. तेव्हा "गुरुजी, दोन ठेवून द्या" असं कृपा करून सांगू नका. ऊस पिवळा पडला तर आपण आधी मुळाशी बघतोच की! रात्रीची वीज आली म्हणून पोराला पाणी द्यायला उठवलं असेल, तर ते सकाळी वर्गात पेंगणारच. गुरुजींना हे आपणच जाऊन सांगायला हवं.