आरोग्य-चिंतन : टाळूवरचे औषध आणि मुळाची वाट

आमचे सापगावचे घर भातसा नदीपासून फार दूर नाही. कुटुंब एकत्र असल्यामुळे माजघरातील कोनाडा सर्वांच्या सामाईक मालकीचा. तेथे कोणी काय ठेवावे यास बंधन नाही. गेल्या श्रावणात मातोश्रींच्या खोबरेलाच्या बाटलीशेजारी एकामागून एक नव्या बाटल्या येऊन बसू लागल्या. कोणी माक्याची, कोणी कांद्याच्या रसाची, कोणी केवळ सुवासाची. चौकशी करता कळले, की हा सारा संभार आमच्या पुतण्याचा. चिरंजीवांचे वय सव्वीस. रोज पहाटे आसनगाव स्टेशन गाठून मुंबईस नोकरीसाठी जाणारे. आणि इकडे लग्नाची बोलणी चालू असता कपाळ दिवसेंदिवस मागे सरकत चाललेले.

घरच्या वडील मंडळींस यात विनोद सापडला. आम्हीही त्या हसण्यात सामील होतो, हे कबूल करणे प्राप्त आहे. परंतु एका रविवारी तो डोक्यास फडके बांधून पडवीत एकटाच बसलेला दिसला. फडके सोडविले, तो टाळू लाल झालेली, आणि दोन ठिकाणी पू धरलेला. टपालाने मागविलेला बारीक सुयांचा रोलर त्याने रक्त येईतो फिरविला होता आणि त्यावर लगेच तेल चोळले होते. ‘‘काका, भोके पडली म्हणजे औषध आत जाते, असे वाचले,’’ हे त्याचे उत्तर. त्यात अर्धे सत्य होते. आणि पूर्ण असत्यापेक्षा अर्धे सत्यच माणसास अधिक बाधते. म्हणून उरलेले अर्धे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींची एक भिंतच होय. पेशी या तिच्या विटा, आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा चुना भरलेला. या भिंतीची जाडी बहुतेक ठिकाणी एका केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकीही भरणार नाही. तरी आतले पाणी आत आणि बाहेरचे विष बाहेर राहते ते तिच्यामुळेच. ज्यांचा रेणुभार साधारण पाचशेच्या आत आहे असेच पदार्थ तिच्यातून बऱ्यापैकी जाऊ शकतात, असा अनुभव आहे. केसाचे मूळ तर तिच्याही खाली काही मिलिमीटर खोल. तेव्हा ‘‘कोणते औषध लावू?’’ या प्रश्नाइतकाच ‘‘ते मुळाशी पोचेल कसे?’’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मग मातोश्रींचे खोबरेल निरुपयोगी काय? तसे नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की खोबरेल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुताना व विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलाने किंवा खनिज तेलाने तसे घडत नाही. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच, की असलेला केस जपला जातो. गेलेला केस उगवतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

उगवण्याच्या कामी ज्याचा गुण सिद्ध झाला आहे त्या मिनॉक्सिडिल नामक औषधाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते रक्तदाबासाठी काढले. गोळी घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर नको तेथे केस वाढू लागले, तेव्हा तेच द्रव्य टाळूस लावून पाहण्याची कल्पना निघाली, आणि १९८८ साली तेथे पुरुषांसाठी तसा द्रव मान्य झाला. येथेच खरी अडचण उभी राहते. औषध मुळापर्यंत तर पोचावे, परंतु रक्तात फारसे उतरू नये. कारण रक्तात ते रक्तदाबाचेच औषध असते.

त्याचा रेणुभार सुमारे २०९, म्हणजे भिंतीस अडेल असा नाही. परंतु पाण्यात ते फार थोडे विरघळते. म्हणून मद्यार्क व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचा आधार घ्यावा लागतो. मद्यार्क उडून जातो आणि बरेचसे औषध कातडीवरच राहते. निरोगी टाळूस लावलेल्या औषधापैकी सरासरी १.४ टक्के तेवढे शरीरात शोषले जाते. प्रॉपिलीन ग्लायकॉलने कित्येकांस खाज सुटते, म्हणून ते वगळून पुढे फेस निघाला. औषध मुळाशी पोचल्यावरही तेथील एक विकर त्याचे रूपांतर करील तेव्हाच ते कार्यास लागते. हे विकर सर्वांच्या ठायी सारखे नसते. एकास गुण येतो आणि दुसऱ्यास येत नाही, त्याचे एक कारण हे होय.

भिंत ओलांडण्याची दुसरी वाट म्हणजे केस जेथून बाहेर येतो ते रंध्र. बर्लिनच्या संशोधकांनी डुकराच्या कानाच्या त्वचेवर प्रयोग करून २००७ साली दाखविले, की सुमारे ३२० नॅनोमीटरचे सूक्ष्म कण मालीश केले असता रंध्रात विरघळलेल्या द्रव्यापेक्षा खोल उतरतात. केसावरील खवले हालचालीबरोबर त्यांना आत ढकलतात, असे त्यांचे अनुमान. मातोश्रींच्या चोळण्यात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. मात्र कण योग्य हवेत आणि त्यांत औषधही हवे.

तिसरी वाट सुयांची. आणि तिचा मोठा प्रयोग आमच्याच रेल्वेमार्गावरच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात झाला, हे आमच्या पुतण्यास ठाऊक नव्हते. डॉ. रचिता धुरत व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. शंभर पुरुषांचे दोन गट केले. दोहोंस पाच टक्के मिनॉक्सिडिल, परंतु एकास त्याखेरीज आठवड्यातून एकदा सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी सुयांच्या गटात मोजणीच्या जागी सरासरी ९१ केस वाढले, दुसऱ्या गटात २२. फरक लहान नाही. परंतु प्रयोगाची मुदत थोडी होती, आणि आपल्यावर सुया फिरत आहेत हे रोग्यांस अर्थातच कळत होते. शिवाय यातील किती गुण औषध आत गेल्याचा आणि किती जखम भरताना मूळ जागे झाल्याचा, हे वेगळे काढता येत नाही. तेथे हे काम वैद्यकीय देखरेखीखाली, निर्जंतुक साधनाने होत असे. सुयांनंतर त्वचेस सुमारे एक दिवस विसावा देऊन मगच औषध लावावे, असे डॉक्टर सांगतात. भिंतीस पाडलेले भोक औषध ओळखत नाही. ज्या वाटेने औषध जाते, त्याच वाटेने जंतूही जातात. पुतण्याच्या टाळूवरचा पू हेच सांगत होता.

आम्ही त्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी जखम पाहिली, आणि मग एक अनपेक्षित प्रश्न केला, ‘‘घरात तान्हे मूल आहे काय?’’ होते. धाकट्या सूनबाईंची चार महिन्यांची मुलगी. हा गृहस्थ रोज रात्री नोकरीवरून परतला, की झोपाळ्यावर आडवा होऊन तिला छातीवर घेई. कित्येकदा ती त्याच्याच उशीवर झोपे. डॉक्टरांनी सांगितले, की २०२३ साली स्पेनमधील नावारा प्रांतात एका तान्ह्या बाळाच्या अंगावर लांब केस उगवले. त्यास सांभाळणारे वडील मिनॉक्सिडिल लावीत असत. औषधाचा संपर्क तुटल्यावर ते केस गेले. युरोपात अशी अकरा बाळे आढळली. तान्ह्या मुलाची त्वचा पातळ, अंग लहान आणि हात सदा तोंडात. आपणांस अपुरे पडणारे औषध त्यास अधिक होऊ शकते. मांजरांस तर ते प्राणघातक ठरते, हेही आम्हांस तेथेच कळले.

एकत्र कुटुंबात कोणाचेच औषध त्याच्या एकट्याचे नसते. आता बाटली कुलुपात असते, लावल्यावर हात साबणाने धुतले जातात, टाळू पूर्ण वाळेपर्यंत मुलीस घेणे बंद, उशी निराळी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर ते लावूच नये.

औषध चालू झाल्यास चार महिने झाले. गळणे थांबले आहे; कानशिलांवर थोडी लव दिसते. बंद केल्यास आलेले जाते, हे त्यास सांगितले आहे, आणि ते ऐकूनच त्याने उपाय पत्करला आहे. आमच्या मनास मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली आहे. श्रावणात आम्ही हसलो नसतो, तर त्याने दार लावून सुया फिरविल्या नसत्या. वाचकांच्या घरीही एखाद्या कोनाड्यात अशा बाटल्या जमू लागल्या असतील, तर थट्टा करण्यापूर्वी त्या मुलाजवळ घटकाभर बसावे, एवढेच आमचे मागणे आहे.