दानपेटीचा हिशोब

पैसा देणाऱ्यालाही जाब विचारता येतो, हे धरणाच्या बुडिताविरुद्ध लढलेल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीने जगाला दाखवलं. सरदार सरोवर धरणासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज मार्च १९९३मध्ये थांबलं. पुढच्या वर्षी याच गावाच्या नावाच्या जाहीरनाम्याने बँकेकडे उत्तरदायित्व मागितलं. मग मणिबेली ज्या जिल्ह्यात आहे, त्या नंदुरबारच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या दानपेटीबद्दल बोलायला का बिचकावं?

हा अंक त्याच प्रश्नाचा.

हंगामाच्या सणाला वेदीपाशी ज्वारी, भोपळे, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एखादी कोंबडी दुप्पट-तिप्पट भावाने जाते, कारण पैसा देवाच्या कामाचा. पुढे त्याचं काय झालं, असं विचारलं की मात्र विश्वास कमी पडला म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. यरुशलेमसाठीची वर्गणी गोळा करताना कुणी बोट ठेवू नये, म्हणून पौलाने तीतासोबत आणखी भाऊ धाडले होते. राज्याचा १९५०चा सार्वजनिक न्यास कायदाही चर्चला वगळत नाही. हिशोब ठेवा आणि तपासून घ्या, असंच तो सांगतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. पाळकाने कुणाला उत्तर द्यायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. या अंकात पाळकांचं मानधन आहे, खजिनदाराची वही आहे आणि वार्षिक सभा चुकवून नंतर कुजबुजणारा सभासदही आहे.

तुमच्या मंडळीत जमाखर्च कोण वाचतं, सह्या किती जणांच्या लागतात? जरूर कळवा. नाव नको असेल तर छापणार नाही.